वसईचा इतिहास शोधणारा धर्मगुरू

मोठ्या आवाजाच्या मनुष्यास आपण थट्टेने ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो. ही घंटा नाशिकास गोदावरीच्या तीरी आहे. परंतु ती मूळची तेथील नव्हे. तिजवर १७२१ हे साल कोरलेले आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्या विजयाची खूण म्हणून ती नाशिकास आली.

घंटा गेल्या, पोर्तुगीज शिपाई गेले, त्यांचे पाद्रीही गेले. वसईच्या गावोगावचा ख्रिस्ती शेतकरी मात्र आपल्या वाडीतच राहिला. तहान्वये त्यास स्वधर्म पाळण्याची मोकळीक मिळाली आणि पुढे गोव्याकडील धर्मगुरूंनी त्याचा सांभाळ केला. पण या शेतकऱ्याचा इतिहास लिहिणार कोण? बखरकारांना गोडी किल्ल्यांची व सरदारांची. केळीस पाणी देणाऱ्याची नोंद ते कशास ठेवतील? त्यातच कोरिया, लोपीस, रॉड्रिग्ज अशी आडनावे ऐकून, हे लोक परके, फिरंग्यांचेच वंशज, असा अनेकांचा समज झाला.

फादर फ्रान्सिस कोरिया हे वसईचेच कॅथलिक धर्मगुरू. ‘सामवेदी ख्रिस्ती समाज’ हा ग्रंथ लिहून त्यांनी आपल्या लोकांची कहाणी मराठीत आणली.

राजांचा इतिहास ताम्रपटांत व शिलालेखांत सापडतो. साध्या माणसांचा इतिहास निराळ्या ठिकाणी शोधावा लागतो. चर्चच्या जुन्या वह्यांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी असतात. परंतु त्याहून बोलके पुरावे घरातच असतात. आडनाव पोर्तुगीज खरे; ते बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले. अंगावर मात्र लुगडे! उत्तर कोकणातील ख्रिस्ती लग्नघरी ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विधी चालत आलेला आहे. या समाजास ‘कुपारी’ असेही म्हणतात. बाप्तिस्म्याच्या नात्याने जोडलेल्या सोयऱ्यास पोर्तुगीज भाषेत ‘कोम्पाद्रे’ म्हणत. त्यावरून हा शब्द आला असे मानतात. आणि सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे बोली. कडोडी अथवा सामवेदी नावाची ही बोली वसईचे सामवेदी ब्राह्मण बोलतात आणि सामवेदी ख्रिस्तीही बोलतात. ज्यांची पूजास्थाने निराळी, त्यांची आजीची भाषा एक! एका मुळाच्या या दोन शाखा, हे सांगावयास आणखी कोणता ताम्रपट हवा?

तरीही परकेपणाची शंका सहजासहजी जात नाही. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. ‘सुबोध बायबल’ मराठीत सिद्ध करणाऱ्या या लेखकाच्या निवडीस, केवळ ते धर्मगुरू म्हणून, काहींनी विरोध केला. संमेलन मात्र त्यांच्याच अध्यक्षतेखाली पार पडले. २०२४ मध्ये ते निवर्तले.

वसईच्या वाड्यांतून आज इमारती उठत आहेत. केळी वाळवून सुकेळी करणारे हात कमी होत आहेत. मुले शाळेत मराठी व इंग्रजी शिकतात. घरची बोली मागे पडते. ग्रंथात शब्द उतरले, तरी लग्नगीतांची चाल कागदावर कशी उतरावी? ती अजून गावातील वृद्ध स्त्रियांच्या कंठी आहे.