विसाराआधी चिठ्ठी

नागपूरकडे संत्रा, तशी आपल्या मराठवाड्यात मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बांधावरच्या सौद्यात मात्र त्याचं नाव कुणी काढलेलं मी अजून ऐकलं नाही. आमच्या लासूर स्टेशनच्या बाजारात चलती कांद्याची. मोसंबी विकायची तर पाचोड गाठा, जाधववाडीला न्या, नाहीतर व्यापारी बागेत येईल त्याची वाट पाहा. शंभरेक झाडांच्या मालाला स्वतंत्र गाडीचं भाडं परवडत नाही, म्हणून छोटा शेतकरी बांधावरच सौदा करतो. मीही तसाच केला.

आंबिया बहार होता. पोळा झाल्यावर व्यापारी आला, बागेत फिरला, दोन फळं कापून चाखली आणि वीस हजार रुपये टनाने सौदा ठरला. विसार हातात ठेवून म्हणाला, ‘‘आठ दिवसांत तोडतो, दादा.’’ पण आंबियाचा माल जालना, पैठण, गंगापूर सगळीकडून एकदमच निघतो. भाव उतरला, तशी फोनवरची उत्तरं बदलली. आधी ‘‘पाऊस उघडू द्या’’, मग ‘‘मजूर नाहीत’’, मग नुसतीच रिंग. इकडे फळं पिवळी पडली. अंधार पडला की रस शोषणारा पतंग बसायचा. त्याने टोचलेलं फळ दोन-चार दिवसांत मऊ पडून गळायचं. सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नसायची.

दुसरा व्यापारी बोलावला. माल त्याला पसंत पडला, पण विसाराचं कळताच तो मोटारसायकलकडे वळला. एकाचा विसार असलेल्या बागेला दुसरा हात लावत नाही, हा त्यांच्यातला अलिखित कायदा. शेवटी पहिलाच परत आला आणि चार हजारांनी खाली मागू लागला. झाडावर माल गळत असताना घासाघीस कशाच्या जोरावर करणार?

म्हणून विसार घेण्याआधी चिठ्ठी करा. साध्या कागदावर दोघांच्या आणि एका साक्षीदाराच्या सह्या पुरेत. तोडणीची शेवटची तारीख त्यात हवी. ती उलटली की विसार बुडाला आणि बाग मोकळी, हे स्पष्ट शब्दांत लिहा. तोडणी सरसकट की निवडून, तेही लिहा. नाहीतर पहिल्या फेरीत टपोरा माल जातो आणि बारीक फळं तुमच्या गळ्यात राहतात. वजन कोणत्या काट्यावर, ते आधी ठरवा. रिकाम्या गाडीचं वजन आपल्यासमोर होऊ द्या. राहिलेले पैसे गाडी बांधावरून हलण्याआधी. ‘‘परवा पाठवतो’’ ऐकलं की गाडी थांबवा, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो.

सर्वात जास्त फसगत ‘सूट’ या बाबतीत होते. टनामागे एक क्विंटल सूट म्हणजे हजार किलो देऊन नऊशेचे पैसे घेणं. वीस हजारांचा भाव तिथंच अठरा हजारांवर येतो. सहा टन माल असेल तर बारा हजार रुपये गेले. भावासाठी तासभर भांडणारे लोक सुटीला मान हलवून मोकळे होतात. एक व्यापारी वीस हजार देतो आणि सूट मागतो, दुसरा साडेअठरा देतो आणि सूट घेत नाही, तर दुसऱ्याला माल द्या.

नवीन लावणाऱ्यांसाठी थोडं. सहा बाय सहा मीटरवर एकरी साधारण एकशेदहा झाडं बसतात आणि पहिली चार-पाच वर्षं उत्पन्न नाही. मूग, हरभरा, कांदा अशी आंतरपिकं घेऊन घर चालवावं लागतं. भाऊसाहेब फुंडकर योजनेचं अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने येतं, तेही झाडं जगलेली दिसली तर. ‘‘विहिरीला पाणी आहे’’ एवढ्यावर जाऊ नका, मे महिन्यात किती तास मोटार चालते ते बघा. 2012-13 च्या दुष्काळात जालना-संभाजीनगर पट्ट्यात फळांवर आलेल्या बागा वाळल्या, कित्येकांनी त्या तोडून सरपण केलं. टँकरचं पाणी घालून बाग जगवलीच, तर तो खर्च त्याच वर्षाच्या वहीत मांडा. आपण तो घरखर्चात ढकलतो आणि बाग नफ्यात आहे असं समजतो. फळपीक विमा घ्या, पण त्याची भरपाई प्रामुख्याने मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. आपल्या बागेत फळगळ झाली एवढ्याने पैसे मिळत नाहीत.

हल्ली आम्ही शेजारी-शेजारी मिळून एक गाडी भरतो आणि पाचोडला लिलावात उभी करतो. तोडणीची मजुरी, भाडं वजा जाऊनही बांधावरच्या भावापेक्षा बहुतेकदा चार पैसे जास्त पडतात. नाही पडले तरी त्या दिवसाचा खरा भाव कळतो, आणि पुढच्या व्यापाऱ्याशी बोलताना तो कामाला येतो. पट्टी हातात आली की तिथंच उभं राहून वाचा. फळं-भाजीपाल्याची अडत 2016 पासून खरेदीदाराने द्यायची आहे. ती तुमच्या पट्टीत कापलेली दिसली तर बाजार समितीच्या कार्यालयात जाऊन विचारा, आणि मूळ पट्टी कुणाच्या हातात न देता तिची झेरॉक्स द्या.