जुनी पोलीस केस आहे? धंदा थांबवू नका, आधी हे समजून घ्या

क्लास संपला की कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "सर, माझ्यावर एक जुनी केस आहे. नाव पुसता येतं का?" आज त्याचंच सरळ उत्तर.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अर्ज करून जुना गुन्हा रेकॉर्डवरून काढता येतो. आपल्याकडे असा सरसकट कायदा नाही. त्यामुळे "पैसे द्या, नाव काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटला लांबूनच नमस्कार! पण रस्ते आहेत. तुमची केस कुठल्या टप्प्यावर आहे, त्यावर रस्ता ठरतो.

१) सरकारने केस मागे घेतली
लॉकडाऊनमध्ये दुकान उघडं ठेवलं म्हणून अनेकांवर भादंवि कलम १८८ लागलं. २०२२ मध्ये राज्य सरकारने असे गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं. पण पेपरात बातमी आली म्हणजे केस संपली असं नाही. सरकारी वकील अर्ज करतो, कोर्ट परवानगी देतं, तेव्हाच ती संपते. तुमच्या केसमध्ये तसा आदेश झालाय का, ते बघा.

२) भांडण आपसात मिटलं
चेक बाऊन्सची केस तडजोडीने मिटवता येते, लोकअदालतीतही. ज्या गुन्ह्यांत खालच्या कोर्टात तडजोड चालत नाही, तिथे एफआयआर रद्द करायला मुंबई हायकोर्टात जावं लागतं. पूर्वी त्यासाठी कलम ४८२ होतं, आता बीएनएसएसचं ५२८. पैशाचे, घरगुती वाद यात बसू शकतात. खून, बलात्कार, दरोडा नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ज्ञान सिंग खटल्यात स्पष्ट केलंय.

३) निर्दोष सुटलात
निकालाची सर्टिफाइड कॉपी काढून ठेवा. तुमचं खरं कवच तेच. आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर २०२२ च्या ओळख कायद्यानुसार पोलिसांनी घेतलेले बोटांचे ठसे, फोटो वगैरे नष्ट करायचे असतात. कोर्टाने लेखी वेगळं सांगितलं तरच ते ठेवता येतात.

४) दोषी ठरलात
मुदतीत अपील करा. कोर्टाने १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीवर सोडलं असेल, तर कलम १२ वाचा: दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता तुम्हाला लागत नाही. नोंद मात्र राहते.

५) तेव्हा वय १८ च्या आत होतं
इथे कायदा खरंच रेकॉर्ड पुसायला सांगतो. बाल न्याय कायदा २०१५, कलम २४. अपवाद एकच: १६ च्या पुढचा मुलगा आणि अतिगंभीर गुन्हा, ज्यात त्याला मोठ्यांसारखं धरलं गेलं.

आता गृहपाठ
• ई-कोर्ट्स ॲपवर स्वतःच्या नावाने केस शोधा. दहिसरची असेल तर बोरिवली कोर्टापासून सुरुवात करा.
• शेवटच्या आदेशाची कॉपी मिळवा आणि ती घेऊनच वकिलाकडे जा. महिला आणि एससी-एसटी बांधवांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.
• फॉर्ममधला प्रश्न नीट वाचा. "केस प्रलंबित आहे का?" आणि "शिक्षा झाली आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या.

केस असूनही मार्ग निघतो. पण टेंडरच्या किंवा लायसनच्या कागदावर खोटं लिहिलंत आणि ते सापडलं, तर जुनी केस राहते बाजूला आणि नवी मागे लागते. म्हणून या आठवड्यात एकच काम करा: ती कॉपी हातात घ्या!