पंखा ओरडतो तेव्हा

भिवंडीत कॉम्प्युटर उघडला की आत मातीपेक्षा सुताचे तंतू जास्त निघतात. यंत्रमागावर ताण्याबाण्याचं सूत सतत घासलं जातं आणि बारीक तंतू हवेत उडतात. कारखान्याला लागून ऑफिस असेल तर ते दाराच्या फटीतूनही आत येतात. सायझिंगची खळ लागलेले हे तंतू पावसाळ्याच्या दमट हवेत चिकट होऊन बसतात. नारपोली, शांतीनगर, कामतघर भागातले कॉम्प्युटर मी दुरुस्त करतो, त्यावरून कळकळीनं सांगतो: पंखा आवाज करू लागला की त्याला गप्प करण्याआधी कारण शोधा.

एका कारखान्याच्या ऑफिसात आवाज सहन होईना म्हणून तिथल्या मुलानं प्रोसेसरच्या पंख्याची वायरच काढून ठेवली होती. मशीन सुरू करताना पडद्यावर ‘सीपीयू फॅन एरर’ यायचं, आणि तो एफ-वन दाबून पुढे जायचा. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं. तसं वारंवार होऊन हिशेबाची फाइल बिघडली. १ एप्रिल २०१८ पासून ठरावीक किमतीवरचा माल परराज्यात पाठवायला ई-वे बिल सक्तीचं आहे. इथे ताके भरून टेम्पो दारात उभा आणि बिल निघेना. मला बोलावलं तेव्हा मी पंखा उतरवला. पंखा ठणठणीत होता. त्याच्याखाली प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर तंतूंचा घोंगडीसारखा थर बसला होता. त्यातून वारा जाईना, म्हणून पंखा पूर्ण वेगानं फिरत राहायचा.

आवाज नीट ऐका. नुसता वाऱ्याचा घोंगाट असेल तर हीटसिंक तुंबलंय. कटकट होत असेल तर पंख्याच्या पात्याला वायर लागतेय. सकाळी सुरू करताना घरघर होत असेल तर बेअरिंग झिजलंय.

साफ करताना मशीन बंद करून प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट उघड्या जागी न्या, कारखान्यात उघडू नका. वायरी हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मऊ ब्रशनं तंतू सोडवा, मग ब्लोअरनं थोडी थोडी हवा मारा. हवा मारताना पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा बेफाम फिरून बेअरिंग खराब होतं. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नका. तिचा दाब जास्त असतो आणि तिच्याबरोबर पाणी, तेल येतं. पंख्याचे स्क्रू किंवा क्लिपा काढून हीटसिंकची पाती स्वतंत्र साफ करा. वरवर फुंकून खालचा थर निघत नाही.

हीटसिंकच उचललं तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. मसुराच्या दाण्याएवढी पुरते. हे काम पूर्वी केलं नसेल तर जाणकाराला बोलवा. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, मात्र कोणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते. बाहेरच्या जाळीतून ब्रश फिरवा, तेवढंच.

खोबरेल तेल घालायची सवय सोडा. थंडीत ते गोठतं आणि तंतू धरून ठेवतं. स्लीव्ह बेअरिंगच्या पंख्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काही काळ आराम देतो, पण झिजलेलं बेअरिंग त्यानं भरून येत नाही. तेव्हा पंखा बदला. नवा आणताना मापं बघा: बहुतेक १२ व्होल्टचे, ८०, ९२ किंवा १२० मिलिमीटरचे असतात. वायरीचं टोक तीन पिनांचं की चार पिनांचं तेही पाहा. चौथी पिन वेग कमीजास्त करायला असते. बसवताना वाऱ्याची दिशा जुन्या पंख्यासारखीच ठेवा आणि बायोसमध्ये जाऊन तापमान व पंख्याचा वेग तपासा.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, भिंतीपासून वीतभर पुढे घ्या आणि चालू असताना त्यावर कापड टाकू नका. कारखान्याकडचं दार लावून घ्या. मागांजवळचं मशीन तीन महिन्यांनी उघडून साफ करा, घरातलं वर्षातून दोनदा. त्यातली एक सफाई पावसाळ्याआधी. आणि उघडण्यापूर्वी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. पंखा काही शे रुपयांत मिळतो, पण गेलेल्या वर्षाच्या नोंदी कुठल्याही दुकानात मिळत नाहीत.