छोटं कॅबिनेट, मोठा प्रश्न : ग्राफिक्स कार्ड कसं निवडाल?



हॉस्टेलच्या खोलीत जागा किती असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे हल्ली बऱ्याच खोल्यांमध्ये ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप दिसतात. डेलचं ऑप्टिप्लेक्स, एचपीचं एलिटडेस्क, लेनोव्होचं थिंकसेंटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे सेकंडहँड डबे भरपूर मिळतात. स्वस्त असतात, वीज कमी खातात आणि रात्री रूम पार्टनरची झोपही मोडत नाही. पण तिसऱ्या वर्षात प्रोजेक्ट सुरू झाला की प्रश्न येतो, "यात ग्राफिक्स कार्ड बसेल का गं?" हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला की एकदाच नीट लिहून काढावं असं ठरवलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा बँडविड्थला शुद्ध मराठी शब्द काय ते मला विचारू नका. दुकानात चालतात तेच शब्द इथे वापरले आहेत. चूकभूल द्यावी घ्यावी.

१) आधी कार्ड हवंच आहे का?

व्हेरिलॉग, सी प्रोग्रामिंग, टू-डी ऑटोकॅड, सिनेमे यांसाठी प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं. एखादंच मॉडेल ट्रेन करायचं असेल तर गुगल कोलॅबवर फुकटात काम होऊ शकतं. कार्डाचे पैसे म्हणजे घरच्यांच्या खिशातले काही महिन्यांचे मेसचे पैसे. ते वाचत असतील तर आधी वाचवा. मोठी थ्री-डी असेंब्ली, रोजचं सिम्युलेशन, मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट किंवा (खरं सांगायचं तर) गेम, यांपैकी काही असेल तर पुढे वाचा.

२) कॅबिनेट ओळखा

एकाच मॉडेलचे दोन-तीन आकार असतात. पुस्तकाएवढा असतो त्याला मायक्रो किंवा टायनी म्हणतात. त्यात बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नसतो, तेव्हा तिथे विषय संपला. त्याहून थोडा मोठा तो स्मॉल फॉर्म फॅक्टर. यात स्लॉट असतो, पण उंची अर्धी.

पूर्ण उंचीच्या कार्डाची मागची पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, १२० मिलिमीटरची असते. लो-प्रोफाइल कार्डाची ७९ मिलिमीटरच्या आसपास. कार्डाची स्वतःची उंची साधारण ६९ मिलिमीटरच्या आत असावी लागते. यात 'जरा दाबून बसवू' हा प्रकार चालत नाही. जाडीही बघा. दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर असतं आणि बरीच लो-प्रोफाइल कार्डं दोन स्लॉट जाड असतात. शेजारी पॉवर सप्लाय किंवा हार्ड डिस्कचा पिंजरा आला तर कार्ड अडतं. तेव्हा पट्टी घ्या, कॅबिनेट उघडा आणि लांबी, उंची, जाडी तिन्ही मोजा.

सेकंडहँड कार्ड घेताना छोटं ब्रॅकेट मागून घ्या. नव्या कार्डाच्या खोक्यात बहुधा दोन्ही ब्रॅकेट येतात, पण जुन्याचं छोटं नेमकं हरवलेलं असतं. ब्रॅकेटशिवाय कार्ड नुसतं स्लॉटवर लटकतं आणि एचडीएमआयची वायर ओढली की हलतं.

३) ७५ वॅटचा हिशेब

पीसीआय एक्स्प्रेसच्या सोळा लेनच्या स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात. त्याहून जास्त लागले तर पॉवर सप्लायमधून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर लागते. ऑफिसच्या डब्यांमध्ये ही वायर सहसा नसतेच. काही डब्यांचा स्लॉट ७५ वॅटसुद्धा देत नाही, म्हणून मॉडेलचं मॅन्युअल उघडून बघावं.

आता पॉवर सप्लाय. हा बऱ्याचदा २०० वॅटच्या आसपासचा आणि कंपनीच्या स्वतःच्या आकाराचा असतो, म्हणजे बाजारातला मोठा आणून बसवता येत नाही. हिशेब करू. प्रोसेसर ६५ वॅट, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखा मिळून ३०, कार्ड ७०. बेरीज १६५. कागदावर जमतं. पण ६५ वॅट लिहिलेला प्रोसेसर लोड आला की काही काळ शंभरच्या पुढे जाऊ शकतो. मग बेरीज २०० ला टेकते आणि मशीन रीस्टार्ट होतं. रात्रभर चाललेलं सिम्युलेशन पहाटे गेलं की काय वाटतं ते अनुभवींना विचारा! म्हणून सप्लाय १८० वॅटचा असेल तर ५० वॅटच्या आतबाहेरचं कार्ड बघा.

४) नाव एक, कार्ड दोन

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं. बँडविड्थचं सूत्र सोपं आहे : बसची रुंदी गुणिले दर सेकंदाचा डेटा रेट, भागिले आठ. पहिल्याचे ६४ × ६ ÷ ८ = ४८ गिगाबाइट. दुसऱ्याचे ६४ × २.१ ÷ ८ = १६.८ गिगाबाइट. नाव तेच, पण मेमरीचा वेग जवळजवळ एक तृतीयांश!

आरटीएक्स ३०५० चंही तसंच. २०२२ चं ८ जीबीवालं १३० वॅट खातं आणि त्याला वेगळी वायर लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीवालं ७० वॅटचं, विनावायरीचं. आपल्या कामाचं हे दुसरं.

आमच्या मजल्यावरच्या एका ज्युनियरने स्कॉलरशिपच्या पैशांतून जीटीएक्स १६५० मागवलं. कार्ड ७५ वॅटचं असतं हे तिने वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. पण आलेलं कार्ड पूर्ण उंचीचं होतं, वर सहा पिनांचं कनेक्टर. दुकानदार म्हणाला, "तुम्ही १६५० मागितलं, आम्ही १६५० दिलं." कार्ड परत घेतलं नाही. तिचा प्रोजेक्ट आता लॅब उघडी असेल तेवढ्याच वेळात चालतो. तेव्हा ऑर्डर देताना नुसतं चिपचं नाव सांगू नका. 'लो-प्रोफाइल' आणि 'वेगळी पॉवर वायर नको' हे दोन्ही शब्द बिलावर लिहून घ्या.

५) लेन किती?

स्लॉट सोळा लेनचा दिसला तरी कार्ड सगळ्या लेन वापरतंच असं नाही. आरएक्स ६४०० फक्त चार लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये एका लेनला साधारण २ गिगाबाइट प्रतिसेकंद मिळतात, म्हणजे एकूण ८. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या डेस्कटॉपमध्ये मात्र तिसऱ्या पिढीचा स्लॉट असतो, तिथे हेच ४ होतात. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की उरलेला डेटा याच वाटेने ये-जा करतो आणि काम अडखळतं. सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० आठ लेन वापरतं, त्यामुळे जुन्या डब्यात ते कमी अडखळतं.

६) काम तसं कार्ड

नुसता जास्तीचा मॉनिटर हवा : जीटी १०३० (जीडीडीआर५च!) पुरे. ३० वॅट. पण यात व्हिडिओ एन्कोडर नाही.

लहान सप्लाय, हलके गेम : आरएक्स ६४००, ५३ वॅट, नव्या स्लॉटसोबत. यातही व्हिडिओ एन्कोडर नाही, तेव्हा व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी दुसरीकडे बघावं.

व्हिडिओ एडिटिंग : इंटेलचं आर्क ए३१० किंवा ए३८०. एव्ही१ एन्कोडिंग यात आहे. पण बायॉसमध्ये रीसायझेबल बार नसेल तर ही कार्डं मागे पडतात. इंटेल स्वतःच दहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर सुचवते.

मशीन लर्निंग, मॅटलॅब : इथे एनव्हिडियाच घ्या. मॅटलॅबचं जीपीयू कंप्युटिंग एनव्हिडियाच्याच कार्डांवर चालतं. ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० हा मधला मार्ग. सेकंडहँडमध्ये आरटीएक्स ए२००० (२०२१) मिळालं तर उत्तम : तेवढेच ७० वॅट, पण ३३२८ कोअर आणि ६ किंवा १२ जीबी मेमरी. हे मुळात कॅडच्या कामासाठीच काढलेलं आहे.

जीटीएक्स १०५० टीआय स्वस्तात दिसेल, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या क्यूडा १३ मधून ती पिढी वगळली आहे. मशीन लर्निंगसाठी घेऊ नका.

किमती मुद्दामच दिल्या नाहीत. लेख छापून येईपर्यंत त्या बदलतील.

७) उष्णता आणि धूळ

कार्ड खातं ते सगळे वॅट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतात. उन्हाळ्यात खोलीतच ४० अंश असतात, त्यात डबा कपाटात कोंबला तर कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि पैसे वाया. मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि महिन्यातून एकदा धूळ काढा. खर्चाचं म्हणाल तर ७० वॅटचं कार्ड रोज चार तास पूर्ण लोडवर चालवलं तर महिन्याला ८.४ युनिट. रेक्टर सरांनी घाबरण्याचं कारण नाही!

थोडक्यात, दुकानात जाताना वहीत पाच गोष्टी लिहून न्या : डब्याचं पूर्ण मॉडेल नाव, स्लॉटजवळची मोजलेली जागा, पॉवर सप्लायचे वॅट, प्रोसेसरची पिढी आणि तुमचं काम. ही पाच उत्तरं हातात असली की दुकानदार काय खपवायला बघतोय त्यापेक्षा तुम्हाला काय हवंय ते महत्त्वाचं ठरतं. तरीही शंका राहिली तर पैसे देण्याआधी आमच्या खोलीचं दार वाजवा. कॅबिनेट आणि पट्टी घेऊन या, आपण बसून मोजू.

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार