बीएलक्यू म्हणजे शून्य नव्हे

रिपोर्ट फेल आला तेव्हा बागेत क्रेट उतरवून झाले होते. एक्सपोर्टरच्या माणसाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "नाना, फिप्रोनिल निघालंय. ०.००८." छाटणीपासून फिप्रोनिल या बागेला एकदाही मारलेलं नाही, असं सांगून मी फवारणीची डायरी काढली. त्याने ती हातातसुद्धा घेतली नाही. "डायरीवर कंटेनर जात नाही," म्हणाला आणि पोरांना क्रेट परत गाडीत भरायला सांगितले.

निष्काळजीपणा मी केला नव्हता. उलट सरकारी यादीतल्या लॅबचा माणूस सॅम्पल काढायला येण्याच्या १२ दिवस आधी मी पदरचे पैसे घालून एका खासगी लॅबमध्ये द्राक्षं तपासून घेतली होती. त्या रिपोर्टवर फिप्रोनिलपुढे स्वच्छ 'बीएलक्यू' छापलेलं होतं. त्यामुळे दुसऱ्या लॅबनेच घोळ घातला, असं मी चार दिवस गावभर सांगत फिरलो.

चौथ्या रात्री थोरल्या लेकीने दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि खासगी लॅबच्या रिपोर्टमधल्या एका खान्यावर बोट टेकवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं : एलओक्यू ०.०१. म्हणजे ही लॅब खात्रीने मोजू शकते ती सर्वांत कमी मात्रा. त्याखालचं सगळं तिच्या लेखी बीएलक्यू. आणि द्राक्षात फिप्रोनिलची युरोपची मर्यादा किलोला ०.००५ मिलिग्रॅम, हजार टन द्राक्षांत पाच ग्रॅम! माझा माल ०.००८ वर नापास होणार आणि तो रिपोर्ट मात्र बीएलक्यूच सांगणार. ताट तसंच राहिलं माझं.

सकाळी लॅबला फोन लावला. "सर, रिपोर्ट बरोबरच आहे. युरोपसाठी पाहिजे असं तुम्ही सांगितलं नव्हतं." सॅम्पलच्या पिशवीवर मी मोठ्या अक्षरात 'एक्सपोर्ट' लिहिलं होतं. पैसे घेताना त्यांना ते दिसलं होतं.

आता औषध आलं कुठून? मणी सेट झाल्यावर थ्रिप्स वाढले, तेव्हा दुकानदाराने हिरव्या झाकणाची एक बाटली दिली होती. "शंभर टक्के वनस्पतीजन्य, भाऊ. रेसिड्यूचं नावच नको." सकाळी मारलं आणि संध्याकाळी पांढऱ्या कागदावर घड झटकले, तर एकही किडा हलेना. खूश होऊन मी ती पुन्हा दोनदा मारली. झाडपाल्याचा अर्क सहसा एका दिवसात असा सुपडा साफ करत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. २०१७ मध्ये हॉलंड-बेल्जियमच्या कोंबड्यांच्या शेडमध्येही हेच झालं. वनस्पतीजन्य म्हणून विकलेल्या औषधात फिप्रोनिल निघालं आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली.

मी त्याच औषधाची नवीन बाटली विकत घेऊन तपासून घेतली. फिप्रोनिल निघालं. रिपोर्ट दाखवला तर दुकानदार म्हणाला, "तुम्ही मारली ती हीच बॅच कशावरून?" माझ्याकडे कच्ची चिठ्ठी होती, रिकाम्या बाटल्या भंगारात गेल्या होत्या. पंधरा वर्षं याच्याच दुकानात उधारी फेडली मी.

माल शेवटी लोकल व्यापाऱ्याने निम्म्या भावात उचलला. युरोपच्या ताटात नको ते आपल्या पोरांच्या ताटात चालतं, हे मला तेव्हाही टोचलं आणि आजही टोचतं.

तेव्हा बाबांनो, पैसे भरण्याआधी लॅबला लेखी विचारा : माझ्या औषधांचा एलओक्यू किती? तो युरोपच्या मर्यादेइतका किंवा त्याहून कमी नसेल तर तपासणी वाया गेली. एनएबीएल मान्यतेचा नुसता शिक्का बघू नका, लॅबच्या मान्यतेच्या यादीत द्राक्ष आणि तुमचं औषध दोन्ही आहेत का ते बघा. कोणती औषधं तपासणार ती यादीही मागा. २०१० साली क्लोरमेक्वाट, म्हणजे आपलं सीसीसी, तपासणीच्या यादीतच नव्हतं आणि आपले कंटेनर युरोपात अडकले. ते ज्यांनी भोगलं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सॅम्पल काढताना उन्हातले चार देखणे घड तोडू नका. कॅनॉपीच्या आतले, कडेच्या ओळीतले, सगळीकडचे घ्या. खताच्या गोणीत घालून नेऊ नका. ब्लोअरची टाकी धुवा, डायरी लिहा, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी जवळ ठेवा. हे सगळे सांगतातच.

आणि जैविक म्हणून काहीही घ्याल तर पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर लिहून घ्या. एक बाटली जास्तीची घ्या आणि द्राक्षं विकून पैसे हातात येईपर्यंत तिचं सील फोडू नका. माझी तक्रार अजून पडून आहे, कारण ती एक बाटली माझ्याकडे नाही.

गेल्या आठवड्यात त्या दुकानावरून गेलो. लेबल नवं आलंय, नाव बदललंय. झाकण तेच हिरवं.