इशाऱ्यांची थप्पी : कोठे अडते, कशी सोडवावी?

व्यापारात उशिरा मिळालेली खबर न मिळाल्यासारखीच असते. सुताचा भाव चढल्याचे दुसऱ्या दिवशी कळून काय उपयोग? आज आपल्या पेढ्यांची बिले, साठा, उधारी सर्व्हरवर असते. त्यावर नजर ठेवणारे सॉफ्टवेअरही अनेकांनी बसवले आहे. परंतु पहारेकऱ्याची हाक वेळेवर पोहोचली नाही तर काय होते, हे आम्ही सोसले आहे.

लग्नसराईचे दिवस होते. आमच्या गोदामाची इंटरनेट लाइन रात्रभर जात-येत होती. दर वेळी गोदामातील प्रत्येक यंत्राबद्दल ‘बंद’ आणि ‘चालू’ असे दोन ईमेल तयार होत होते. पहाटे दुकानाच्या सर्व्हरची डिस्क भरत आल्याचा इशारा निघाला, पण तो या गर्दीच्या मागे उभा राहिला. सकाळी बिले निघेनात. गिऱ्हाईक गादीवर बसलेले, गाडी दारात उभी! डिस्कचा ईमेल आला तो दुपारी. दिवसाचा धंदा बुडाला.

आमच्याकडे झॅबिक्स हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. लात्वियाचे अलेक्सेई व्लादिशेव यांनी ते तयार केले व २००१ मध्ये खुले केले. त्या प्रसंगानंतर संगणक सांभाळणाऱ्या मुलाबरोबर बसून आम्ही जे शिकलो, ते व्यापारी बांधवांसाठी येथे देत आहोत.

गाठ कोठे आहे?

माल अडला की आपण तीन गोष्टी पाहतो. माल जास्त तयार झाला, गाड्या कमी पडल्या, की घेणाराच उतरवून घेत नाही? इशाऱ्यांचेही तसेच आहे. झॅबिक्सच्या ‘रिपोर्ट्स’मध्ये ‘ॲक्शन लॉग’ उघडावा. तेथे प्रत्येक संदेशापुढे ‘सेंट’, ‘इन प्रोग्रेस’ किंवा ‘फेल्ड’ असे लिहिलेले असते. ‘फेल्ड’ दिसल्यास त्याचे कारण वाचावे. ईमेलचा पासवर्ड बदलला असेल किंवा ईमेल सेवेची रोजची मर्यादा संपली असेल, तर दोष घेणाऱ्याच्या दारात आहे. ‘मीडिया टाइप’च्या यादीत ‘टेस्ट’ दाबले की लगेच खात्री होते.

साधा हिशेब

‘इन प्रोग्रेस’ची रांग वाढत असेल तर हिशेब मांडावा. मीडिया टाइपमध्ये ‘कॉन्करंट सेशन्स’ मुळात १ असते, म्हणजे त्या मार्गाने एका वेळी एकच संदेश जातो. एका ईमेलला ४ सेकंद लागले, तर तासाला ९०० जातील. तयार होत असतील १,५००, तर तासाला ६०० मागे राहतील. ८ तासांत ४,८०० साचतील आणि नवा एकही आला नाही तरी ते उपसायला ५ तास २० मिनिटे लागतील.

सेशन्स वाढवता येतात. संदेश पाठवणाऱ्या प्रक्रियांची संख्या कॉन्फिगरेशन फाइलमधील ‘स्टार्टअलर्टर्स’ने ठरते, ती मुळात ३ असते. ती बदलल्यास झॅबिक्स सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. ही सोय २०१७ च्या ३.४ आवृत्तीपासूनची आहे.

उगमाशी बंदोबस्त

पण गाड्या वाढवणे हा खरा इलाज नव्हे. निरुपयोगी माल विणणेच थांबवावे.

१) गोदामातील यंत्रांचे ट्रिगर राउटरच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवावेत. मग लाइन गेली की एकच इशारा निघतो. मात्र राउटरची तपासणी इतरांपेक्षा लवकर व्हायला हवी, नाहीतर यंत्रे आधी ओरडतात.

२) इशारा लागण्याची आणि मिटण्याची पातळी वेगळी ठेवावी. डिस्क ९० टक्क्यांवर लागावा, ८० च्या खाली मिटावा.

३) ॲक्शनमधील पायऱ्या ‘१ ते ०’ असतील तर त्याचा अर्थ अखंड असा आहे. अडचण मिटेपर्यंत तोच संदेश पुन्हा पुन्हा निघतो. शेवटचा आकडा द्यावा.

४) निकडीच्या इशाऱ्यांसाठी वेगळा मीडिया टाइप करावा, म्हणजे ते किरकोळ गर्दीमागे राहणार नाहीत.

जुन्या ढिगाचे काय?

येथे घाई नको. प्रथम ‘प्रॉब्लेम्स’चा पडदा पाहून खरोखर चालू असलेल्या अडचणी कागदावर उतरवाव्यात. घाबरून ॲक्शन बंद केली, तर चालू असलेल्या प्रत्येक अडचणीमागे ‘रद्द झाले’ असा आणखी एक संदेश निघू शकतो. नव्या आवृत्त्यांत ती सूचना बंद करण्याची खूण ॲक्शनमध्येच आहे. ती आधी काढावी. नंतर डेटाबेसची प्रत घ्यावी, सर्व्हर थांबवावा आणि ‘अलर्ट्स’ तक्त्यातील जुन्या, न गेलेल्या नोंदींची स्थिती (० व ३) बदलून २, म्हणजे ‘फेल्ड’, करावी. नोंद राहते, संदेश जात नाही. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

पाठवणाऱ्या प्रक्रिया ७५ टक्क्यांहून अधिक व्यस्त झाल्या की झॅबिक्सचा तयार टेम्प्लेट स्वतःच इशारा देतो. पण तो इशाराही त्याच रांगेत लागणार! म्हणून रोज सकाळी गल्ला उघडताना एकदा पडदा पाहावा. त्या दिवशी आम्ही पाच मिनिटे पाहिला असता, तर गाडी वेळेवर सुटली असती.