ज्वालामुखीवरील पहारा

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण हा कोणे एके काळीं भूगर्भांतून वाहत आलेला शिलारस होय, हें आपण भूगोलाच्या पुस्तकांत वाचतों. तो अग्नि विझून साडेसहा कोटी वर्षें लोटलीं, म्हणून ज्वालामुखीचें भय आपणांस अनुभवानें ठाऊक नाहीं. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असे पुष्कळ देश आहेत कीं, जेथील शेतकरी जागृत ज्वालामुखीच्या उतारावर नांगर धरतो व त्याच्याच पायथ्याशीं मुलें शाळेस जातात. राखेनें सुपीक झालेली जमीन सोडून जाणें त्यांस परवडत नाहीं. पर्वताचा कोप थांबविण्याचें सामर्थ्य मनुष्यास नाहीं. मग बचाव कसा करावा? पर्वतावर पहारा ठेवावा, आणि पहारेकऱ्याची हांक ऐकावी. या दोहोंपैकीं एकानेंच भागत नाहीं, हें दोन पर्वतांच्या हकीकतीवरून येथें दाखविण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम पहारा कशावर ठेवावयाचा तें पाहूं. खोलवरचा शिलारस वर चढूं लागला म्हणजे तीन चिन्हें दिसूं लागतात. वाट काढतांना तो खडक फोडतो, त्यामुळें लहान लहान भूकंप होतात. माणसास ते बहुधा जाणवत नाहींत, पण भूकंपमापक यंत्र त्यांची नोंद करतें. दुसरें, शिलारसाच्या दाबानें पर्वताचें अंग फुगतें. ही फूग कित्येकदां बोटभरच असते. ती उतारमापक यंत्रें व आकाशांतील कृत्रिम उपग्रह यांच्या साहाय्यानें मोजतां येते. तिसरें चिन्ह वायूचें. सोडावॉटरच्या बाटलीचें तोंड उघडतांच जसे बुडबुडे उसळतात, तसा शिलारसावरील दाब कमी झाला कीं त्यांतील गंधकयुक्त वायु सुटूं लागतो. वैद्य जशी रोग्याची नाडी, सूज आणि श्वास पाहतो, तशीच ही परीक्षा आहे. इटलींतील व्हेसुव्हियस पर्वतावर यासाठीं १८४१ सालींच वेधशाळा स्थापन झाली. मात्र एकाच चिन्हावरून निदान करणें धोक्याचें असतें. कारण पर्वत कधीं कधीं कुरकुरून पुन्हां शांतही होतो.

आतां पहिली हकीकत. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत नेव्हादो देल रुईझ नांवाचा हिमाच्छादित पर्वत आहे. १९८४ च्या नोव्हेंबरपासून तेथें धक्के बसूं लागले. ११ सप्टेंबर १९८५ रोजीं वाफेचा व राखेचा मोठा लोट उठला. ऑक्टोबरांत तज्ज्ञांनीं धोक्याचा नकाशा तयार केला. आर्मेरो हें गांव चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर आहे, असें त्यांत दाखविलें होतें. असाच लोंढा १८४५ सालीं येऊन गेला होता, व त्याच्याच गाळावर पुढें हें गांव वसलें होतें. परंतु गांव हलविण्याचा खर्च आणि इशारा खोटा ठरण्याची भीति यांमुळें अधिकारी कचरले. १३ नोव्हेंबरच्या दुपारीं गांवावर राख पडली, तरी लोकांस स्वस्थ राहण्यास सांगण्यांत आलें. रात्रीं नऊच्या सुमारास स्फोट झाला. स्फोट म्हणून तो लहानच होता; पण तप्त राखेनें शिखरावरचें बर्फ वितळलें, आणि पाणी, माती व दगडगोटे यांचा लोंढा दरींतून धांवत सुटला. आर्मेरोस पोहोंचण्यास त्यास सुमारें अडीच तास लागले. उंच जागा गांवापासून पायीं गांठण्याजोगी होती. तरी त्या रात्रीं एकंदर सुमारें २३,००० माणसें प्राणास मुकलीं, व त्यांतील बहुतेक या एकाच गांवचीं होतीं. नकाशा कागदावर राहिला. तो घरोघर पोहोंचला नाहीं.

दुसरा पर्वत फिलिपाइन्समधील लुझॉन बेटावरचा पिनाटुबो. हा सुमारें पांचशें वर्षें निजला होता. २ एप्रिल १९९१ रोजीं त्यावर वाफेचे स्फोट झाले. तेथील सरकारी भूशास्त्रज्ञ व त्यांच्या मदतीस आलेले अमेरिकन शास्त्रज्ञ यांनीं तांतडीनें यंत्रें बसविलीं. गंधकयुक्त वायु मेच्या मध्यास रोज सुमारें ५०० टन निघत होता, तो दोन आठवड्यांत दसपट झाला. पुढें तो एकाएकीं घटला. अजाण माणूस म्हणाला असता कीं, संकट टळलें. शास्त्रज्ञांनीं मात्र वाट बुजून आंत दाब वाढत असावा, अशी शंका घेतली. धोक्याच्या त्यांनीं पांच पायऱ्या ठरविल्या, व प्रत्येक पायरीचा अर्थ लोकांस समजेल असा सांगितला. ज्वालामुखी काय करूं शकतो याचें चलच्चित्र अधिकाऱ्यांस व गांवकऱ्यांस दाखविलें. ९ जून रोजीं शेवटची पायरी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशीं जवळच्या लष्करी तळावरून सुमारें १४,५०० माणसें हलविलीं गेलीं. डोंगरावरचे आएता लोक व आसपासचे गांवकरी मिळून हजारों माणसें दूर गेलीं. १५ जून रोजीं पर्वत फुटला, व राख सुमारें ३५ किलोमीटर उंच चढली. हा विसाव्या शतकांतील एक अत्यंत मोठा स्फोट होता. रुईझचा त्यापुढें कांहींच नव्हे. त्याच दिवशीं आलेल्या वादळी पावसानें राख भिजून जड झाली व छपरें कोसळून कित्येकांचा अंत झाला. तरीसुद्धां निदान ५,००० जीव वांचले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

लहान स्फोटानें गांव गिळलें व मोठ्या स्फोटांतून हजारों माणसें वांचलीं, हें कसें? रुईझच्या बाबतींतही चिन्हें उमटलीं होतीं, व तीं वाचणारे तज्ज्ञही होते. उणीव होती ती त्यांचा शब्द लोकांपर्यंत पोहोंचण्याची, व तो वेळीं मानला जाण्याची. इशारा खोटा ठरला तर कांहीं दिवसांची गैरसोय होते, थोडें पीक जातें, लोक हंसतात. इशारा खरा असून न ऐकला तर भरपाई करण्यास कोणी उरत नाहीं. हा हिशेब ज्वालामुखीलाच लागू आहे असें नाहीं. आपल्या किनाऱ्यावरचें वादळ असो कीं नदीचा पूर असो, धोक्याची सूचना आली म्हणजे ‘मागें कांहीं झालें नव्हतें’ असें म्हणणाऱ्यास आमच्या विद्यार्थ्यांनीं आर्मेरोच्या त्या अडीच तासांची गोष्ट अवश्य सांगावी.